शिकवलं कोणीच नाही, मग व्याकरण आलं कुठून?

टीव्हीवर मोठं भाषण चालू असलं की पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट दिसते. त्या चौकटीतले दुभाषी हातांनी, भुवयांनी, खांद्यांनी तेच भाषण सांगत असतात. आमच्या घरी अशा वेळी कोणीतरी हमखास विचारतं, "हे हिंदीतला एकेक शब्द हातांनी दाखवतात ना?" आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, "पण ही भाषा बनवली कोणी?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: नाही. कर्णबधिरांची सांकेतिक भाषा ही हिंदी, मराठी किंवा इंग्रजीची हातांनी काढलेली नक्कल नसते. तिला स्वतःचे शब्द असतात, स्वतःचं व्याकरण असतं. जगात अशा ३०० हून अधिक भाषा आहेत. भारतातली वेगळी, अमेरिकेतली वेगळी, ब्रिटनमधली आणखी वेगळी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र थक्क करणारं आहे. मराठी नेमकी कधी 'जन्मली' हे सांगता येत नाही, कारण प्रत्येक भाषा आधीच्या भाषेतून सरकत येते. पण काही सांकेतिक भाषा गेल्या शंभर वर्षांत कोऱ्या पाटीवर उभ्या राहिल्या आणि त्या पहिल्यांदा वापरणारी माणसं अभ्यासकांना भेटली, त्यांच्याशी बोलली. व्याकरण तयार होताना कसं दिसतं, हे त्यामुळे माणसाला डोळ्यांनी पाहता आलं.

व्याकरण म्हणजे इथे शाळेतलं संधी-समास नव्हे. कोणी काय केलं, कोणाला केलं, कधी केलं, हे ऐकणाऱ्याला अंदाज न बांधता कळावं म्हणून भाषा जे ठरलेले मार्ग वापरते, ते म्हणजे व्याकरण. एवढी एक व्याख्या लक्षात ठेवली तरी पुढचं सगळं समजेल.

घरातल्या खुणा

माझ्या आजोळी शेजारी एक काकू होत्या. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. गावात सगळे त्यांना 'मुकी' म्हणत, पण त्या मुक्या नव्हत्याच. दिवसभर हातांनी बोलत असत. मिशीला पीळ दिला की माझे आजोबा. नाकाला बोट लावलं की कोणीतरी बाई. तळहातावर तळहात थापला की भाकरी. आम्हा मुलांना त्यांच्या खुणा कळायच्या, कारण आम्ही त्यांच्याच अंगणात वाढलो. पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला त्यातलं निम्मंही कळत नसे.

अशा खुणांना घरगुती खुणा म्हणू. कर्णबधिर मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, म्हणून जगभर अशा घरगुती खुणा पुन्हापुन्हा तयार होतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुझन गोल्डिन-मेडो यांनी अनेक वर्षं अशा मुलांचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की मुलाच्या खुणा आईच्या हातवाऱ्यांपेक्षा जास्त शिस्तशीर असतात. आई बोलता बोलता हात हलवते, तिचा खरा भार शब्दांवर असतो. मुलाकडे हात हेच सगळं असतं. म्हणून ते दोनतीन खुणा जोडतं, आणि त्यांचा क्रमही बहुतेकदा तोच ठेवतं.

म्हणजे सुरुवात एकटं मूलसुद्धा करू शकतं. पण एकट्याच्या बळावर ते फार दूर जाऊ शकत नाही. काकू "आजोबा, भाकरी, ये" एवढं सहज सांगत. "आजोबा काल जी भाकरी विसरले होते ती घेऊन ये" हे सांगताना मात्र त्यांची दमछाक व्हायची आणि आमचीही.

मानाग्वातली शाळा

मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वा देशात १९७० च्या दशकापर्यंत कर्णबधिरांना एकत्र यायला जागाच नव्हती. प्रत्येक जण आपल्या घरात, आपापल्या घरगुती खुणांसह. १९७७ मध्ये राजधानी मानाग्वात विशेष शिक्षणाचं एक केंद्र सुरू झालं आणि सुमारे पन्नास कर्णबधिर मुलं तिथे आली. १९७९ मध्ये क्रांती झाली, नव्या सरकारने साक्षरतेची मोठी मोहीम काढली, १९८० मध्ये मोठ्या मुलांसाठी व्यवसाय शिक्षणाची शाळा निघाली. १९८३ पर्यंत दोन्ही शाळांत मिळून चारशेहून अधिक मुलं होती.

शिक्षकांनी त्यांना सांकेतिक भाषा शिकवली नाही. ती त्यांना येतच नव्हती. ओठांच्या हालचाली वाचायच्या आणि स्पॅनिश बोलायला शिकायचं, असा वर्गातला कार्यक्रम होता. त्यात फारसं यश आलं नाही. पण वर्गाबाहेर, खेळाच्या मैदानावर आणि शाळेच्या बसमध्ये, मुलं आपापल्या घरच्या खुणा एकमेकांना दाखवत होती. एकाची खूण दुसऱ्याने उचलली, तिसऱ्याने आटोपशीर केली. शिक्षक बघत राहिले आणि मुलं काय बोलतात ते त्यांना कळेना. १९८६ मध्ये शिक्षण खात्याने अमेरिकी भाषावैज्ञानिक ज्युडी केगल यांना बोलावलं. त्यांच्या लक्षात एक गोष्ट आली आणि पुढे ॲन सेंगास, मेरी कोप्पोला यांच्या कामातून ती पक्की झाली: लहान मुलांच्या खुणा मोठ्यांच्या खुणांपेक्षा जास्त वेगवान, जास्त बांधेसूद आणि व्याकरणाने जास्त समृद्ध होत्या.

आपल्या सवयीच्या हे अगदी उलट आहे. भाषा मोठ्यांना चांगली येते आणि लहानांना कच्ची, असं आपण धरून चालतो. इथे पहिल्या तुकडीने कच्चा माल आणला आणि नंतर आलेल्या चारपाच वर्षांच्या पोरांनी त्याची भाषा केली.

खिचडी आणि ताट

'केली' म्हणजे नेमकं काय केलं? सेंगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००४ मधला एक अभ्यास याचं फार सुंदर उदाहरण देतो. त्यांनी लोकांना एक कार्टून दाखवलं. त्यात एक मांजर मोठा चेंडू गिळतं आणि उतारावरून गडगडत खाली जातं. मग जे पाहिलं ते सांगायला लावलं.

'गडगडत खाली गेलं' यात दोन गोष्टी आहेत. कसं गेलं: गडगडत. कुठे गेलं: खाली. प्रत्यक्षात दोन्ही एकाच वेळी घडतात. ऐकू येणारी निकाराग्वाची माणसं बोलताना जो हातवारा करत, त्यात हात गोल फिरता फिरता खाली येई. सगळं एकत्र. पहिल्या तुकडीतले कर्णबधिरही बरेचदा तसंच करत. दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकडीतले मात्र बहुतेकदा दोन वेगळ्या खुणा करत: आधी 'गोल फिरणं', मग 'खाली जाणं'.

वरवर पाहता ही पीछेहाट वाटते. हात गोल फिरवत खाली आणणं हे तर प्रसंगाचं हुबेहूब चित्र! ते मोडून तुकडे का करायचे?

खिचडी आणि ताट यांचा विचार करा. खिचडीत डाळ, तांदूळ, मसाला एकजीव झालेले असतात. चव छान असते, पण त्यातली डाळ काढून आमटी करता येत नाही. ताटात भात वेगळा, वरण वेगळं, भाजी वेगळी. त्याच पाच पदार्थांतून प्रत्येक घासाला नवी जोडी जमते. 'गोल फिरणं' आणि 'खाली जाणं' सुटे झाले की 'गोल फिरत वर', 'उड्या मारत खाली', 'लंगडत आत' हे सगळं नवं काही न शिकता सांगता येतं. चित्राचा हुबेहूबपणा गेला, पण त्या बदल्यात थोड्या तुकड्यांतून अगणित वाक्यं करायची सोय मिळाली. जगातली प्रत्येक भाषा ही सोय वापरते. मानाग्वातल्या मुलांनी ती कोणी न सांगता शोधली.

एक अडचण उरतेच. तुकडे केल्यावर 'गडगडला, आणि मग खाली गेला' असा अर्थ निघू शकतो. दोन्ही एकाच वेळी झालं हे कसं सांगायचं? त्यासाठीही या भाषेत एक रचना आली: 'फिरणं, खाली, फिरणं'. एक खूण दोन्ही बाजूंना ठेवून दुसरी मधे घ्यायची, जणू कंसात. तोडायचं आणि मग जोडायची रीतही बांधायची, ही त्या मुलांची करामत मला सगळ्यात मोठी वाटते.

कोणी कोणाला ढकललं?

मराठीत "राजूने दिपूला ढकललं" म्हणा की "दिपूला राजूने ढकललं" म्हणा, पडला दिपूच. 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय ते काम करतात. हातांच्या भाषेत प्रत्यय कुठे चिकटवायचे?

जागेत. बहुतेक जुन्या सांकेतिक भाषांत बोलणारा आपल्या समोरच्या हवेतली एक जागा एका माणसाला देतो, दुसरी दुसऱ्याला. मग 'पैसे देणं' ही खूण डावीकडे वळवून केली की डावीकडच्या माणसाला पैसे दिले.

निकाराग्वात हे हळूहळू घडताना दिसलं. पहिल्या तुकडीतले लोकही खुणा इकडेतिकडे वळवत, पण त्या वळवण्याला पक्का नियम नव्हता. 'पाहणं' डावीकडे केलं आणि 'पैसे देणं' पण डावीकडे केलं, तर ज्याला पाहिलं त्यालाच पैसे दिले असतील, किंवा नसतील. १९८३ नंतर लहान वयात शाळेत आलेल्यांसाठी मात्र अर्थ बांधला गेला: बाजू तीच तर माणूस तोच. सेंगास आणि कोप्पोला यांनी हे २००१ मध्ये मांडलं. हवेत हात वळवणं दोन्ही तुकड्यांत होतं. नव्या पोरांनी त्यातून विभक्तीसारखं काहीतरी घडवलं.

वाळवंटातलं गाव

इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात अल-सय्यिद नावाचं बेदुइन अरबांचं गाव आहे, साधारण दोनशे वर्षांपूर्वी वसलेलं. नात्यातल्या लग्नांमुळे बहिरेपणाचं एक जनुक तिथे पसरलं आणि १९३० च्या दशकात एका घरात चार कर्णबधिर भावंडं जन्मली. पुढे साडेतीन हजारांच्या गावात कर्णबधिर सुमारे दीडशे झाले. इथे शाळेची वाट पाहावी लागली नाही. ऐकू येणारे शेजारी, मामा, चुलत्या सगळेच खुणांनी बोलू लागले.

वेंडी सँडलर, इरित मेईर, कॅरल पॅडन आणि मार्क ॲरोनॉफ यांनी २००५ मध्ये दाखवलं की दुसऱ्या पिढीतच तिथे शब्दक्रम ठरला होता: कर्ता, कर्म, मग क्रियापद. आपल्याला यात काय विशेष वाटणार! "आई भाकरी करते" असंच तर आपण बोलतो. पण त्यांच्या आजूबाजूची अरबी आणि हिब्रू, दोन्ही भाषा क्रियापद मधे ठेवतात. म्हणजे हा क्रम शेजारून घेतलेला नव्हता. आणखी एक प्रयोग इथे जोडून पाहण्यासारखा आहे. इंग्रजी, स्पॅनिश, चिनी आणि तुर्की बोलणाऱ्यांना तोंड न उघडता केवळ हातांनी प्रसंग सांगायला लावलं, तेव्हा त्यांनीही बहुतेकदा करणारा, वस्तू, क्रिया असाच क्रम धरला. यांतली एकटी तुर्की तशी बोलली जाते.

अल-सय्यिदमध्ये सगळं एकदम आलं नाही, ही गोष्ट मला शब्दक्रमाइतकीच महत्त्वाची वाटते. जागेवरून 'कोणी कोणाला' सांगण्याची रीत तिथे बराच काळ नव्हती. एकाच वस्तूची खूण घराघरांत थोडी वेगळी असे, आणि त्याने कोणाचं अडत नसे. याचं कारण समजण्यासारखं आहे. गावात सगळे सगळ्यांना ओळखतात, कोणाची शेळी कोणाच्या शेतात गेली हे आधीच माहीत असतं. मानाग्वाच्या शाळेत अनोळखी मुलं भेटत होती. तिथे अंदाजावर भागत नव्हतं, स्पष्ट सांगावं लागत होतं.

वाक्यांना वाक्यं जोडण्याची रीतही तिथे पिढीगणिक वाढली. जुनी माणसं छोटी छोटी वाक्यं एकामागून एक ठेवत. तरुण मंडळी चेहरा आणि डोकं वापरून 'जर असं, तर तसं' अशी जोडणी करू लागली. आपण "पाऊस आला..." म्हणून स्वर वर ठेवतो आणि ऐकणारा "तर?" ची वाट पाहतो, तेच काम तिथे चेहरा करतो.

शब्दांच्या पोटातही बदल होतात. एका घरात 'अंडं' ही जोडखूण होती: आधी कोंबडी, मग अंड्याचा गोल आकार. घरातल्या लहानांनी ती भरभर करता करता पहिल्या खुणेतला बोटांचा आकार दुसऱ्या खुणेसारखा झाला. पोळीचा पाट म्हणता म्हणता आपला पोळपाट झाला, तसंच.

पण हे कुठून तरी उचललेलं नसेल कशावरून?

शंका रास्त आहे. निकाराग्वात नंतर परदेशी कार्यकर्ते आले आणि काही खुणा बाहेरूनही आल्या. पण व्याकरणातला फरक माणूस कोणत्या वयात आणि कोणत्या वर्षी त्या समाजात आला यावरून पडलेला दिसतो. ते बाहेरून शिकलेलं असतं, तर शिकण्याची संधी जास्त मिळालेल्या मोठ्यांत ते निदान तितकंच दिसायला हवं होतं. 'गोल फिरत खाली' याचे तुकडे स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या हातवाऱ्यांतही नव्हते.

काही अभ्यासकांचं म्हणणं असंही आहे की लहान मुलांना सगळं श्रेय देऊ नये. किशोरवयीन मुलं शाळा सुटल्यावर एकमेकांना भेटत राहिली, पुढे त्यांनी कर्णबधिरांची संघटना उभी केली. तो समाज नसता तर लहानांना घेण्यासारखं काही मिळालंच नसतं. मला हे पटतं, आणि ते आधीच्या म्हणण्याच्या विरुद्धही जात नाही.

मग व्याकरण मेंदूत जन्मतःच असतं का?

इथे विद्वानांत मोठा वाद आहे. काहींना निकाराग्वा हा जन्मजात भाषाशक्तीचा पुरावा वाटतो. पण नुसतं जन्मजात असणं पुरत नाही हेही तितकंच दिसतं. अकबर बादशहाने १५७८ च्या सुमारास काही तान्ह्या बाळांना माणसांच्या बोलण्यापासून दूर एका वास्तूत ठेवलं होतं. ती जागा गुंग महल म्हणून ओळखली गेली. काही वर्षांनी तो पाहायला गेला तेव्हा त्या मुलांच्या तोंडून कुठलीही भाषा निघाली नाही. असा प्रयोग कोणीही, कधीही पुन्हा करू नये इतका तो क्रूर आहे. मानाग्वातली मुलं मात्र एकमेकांच्या सोबतीत होती, आणि त्यांच्यामागून दर वर्षी नवी लहान मुलं येत होती. बी लागतं, तशी मातीही लागते.

वयही मोजावं लागतं. साधारण सहासात वर्षांच्या आत ज्यांना ही भाषा मिळाली ते तिच्यात सफाईने बोलू लागले. पंधराव्या वर्षी आलेल्यांना ती सफाई आयुष्यभर आली नाही, मग त्यांनी कितीही वर्षं ती वापरली तरी.

व्याकरण नसेल तर बिघडतं काय?

काम तर चालतं, असं कोणी म्हणेल. जेनी पायर्स आणि सेंगास यांचा २००९ मधला अभ्यास इथे डोळे उघडतो. प्रसंग असा: एकाने वस्तू एका जागी ठेवली, तो गेल्यावर दुसऱ्याने ती हलवली. पहिला परत येऊन कुठे शोधेल? त्याला बदल माहीत नाही, म्हणून जुन्याच जागी. हे उत्तर देताना पहिल्या तुकडीतली प्रौढ, संसारी माणसं अडखळत होती आणि त्यांच्याहून लहान दुसऱ्या तुकडीला ते सहज जमत होतं. पहिल्या तुकडीच्या बोलण्यात 'त्याला वाटतं', 'त्याला माहीत नाही' अशा खुणा जवळजवळ नव्हत्या. मधल्या दोन वर्षांत धाकट्यांशी जास्त मिसळून त्यांच्याकडे या खुणा आल्या, आणि पुढच्या वेळी उत्तरंही सुधारली. दुसऱ्याच्या मनात काय आहे हे ओळखायलाही भाषा हात देते.

आपल्या मुलांचं काय?

भारतीय सांकेतिक भाषा निकाराग्वाइतकी नवी नाही. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८० च्या दशकात निघाली होती. दिल्ली, कोलकाता, मुंबई, बंगळूरच्या खुणांत शब्दांचा फरक असला तरी व्याकरण बरंचसं एक आहे. क्रियापद शेवटी येतं, आणि प्रश्नाचा शब्दही वाक्याच्या टोकाला: 'तू राहतोस कुठे' अशा धाटणीने. २०१५ मध्ये दिल्लीत या भाषेसाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिने दहा हजार शब्दांचा कोश केला. २०२० च्या शैक्षणिक धोरणात ही भाषा देशभर प्रमाणित करण्याची गोष्ट आहे.

पालकांची भीती वेगळी असते. "खुणा शिकवल्या तर आमचं मूल बोलायचंच राहील." कर्णबधिर आईवडिलांच्या घरी जन्मापासून खुणांची भाषा मिळालेली आणि नंतर कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने बसवायचं ऐकण्याचं यंत्र) झालेली मुलं अभ्यासकांनी तपासली आहेत. बोलण्यात ती मागे पडलेली दिसली नाहीत. यंत्र बसवायचं की नाही हा निर्णय घरच्यांनी डॉक्टरांशी बोलून घ्यावा. पण यंत्र बसेपर्यंत, बसल्यावर कान सरावेपर्यंत, मूल दोन-तीन-चार वर्षांचं होतं. ती वर्षं त्याने कोणत्या भाषेत काढायची? डोळ्यांना पूर्ण दिसणारी एक भाषा तयार आहे. ती त्याला द्या, आणि ती बोलणारी दुसरी मुलंही त्याच्या आसपास असू द्या.

काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या खुणांपैकी मला आज दहाबारा आठवतात. त्यांच्या लहानपणी गावात दुसरं कर्णबधिर मूल नव्हतं, आणि शाळा होती ती मुंबईला.